स्वस्त दुकान कोणते? चार आठवड्यांच्या बिलांचा हिशेब

आमच्या घरात दर शनिवारी संध्याकाळी पैसे येतात. भाईजानचे छोटे गॅरेज आहे, आठवड्याची कमाई शनिवारी मोजली जाते आणि रविवारी किराणा भरला जातो. नाशिकच्या वडाळा रोडवर राहणारे आम्ही सहा जणांचे कुटुंब. वर्षानुवर्षे सगळे सामान गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानातून यायचे. मग शेजारीपाजारी सगळेच सुपरमार्केटला जाऊ लागले, तसे आम्हीही जाऊ लागलो.

रमजानला दोन महिने राहिले असताना अम्मीने विचारले, "मॉलमध्ये स्वस्त मिळतं म्हणता, मग डब्यात पैसे का उरत नाहीत?" दरवर्षी रमजानसाठी अम्मी एका डब्यात पैसे साठवते. खजूर, तेल, बेसन, शेवया आणि नात्यातल्या दोन गरजू घरांना द्यायचे राशन, सगळे त्यातूनच होते. त्या वर्षी डबा जवळजवळ रिकामा होता.

उत्तर आमच्याकडे नव्हते. म्हणून आम्ही दोघी नणंद-भावजयांनी ठरवले, चार आठवडे नीट हिशेब ठेवायचा. नेहमी लागणाऱ्या २४ जिनसांची यादी केली: तांदूळ, तूरडाळ, मसूर, बेसन, तेल, साखर, चहा, हळद, साबण, कपड्यांची पावडर वगैरे. तीच यादी, तेवढेच वजन. दोन सुपरमार्केट आणि तिसरे आमचे गल्लीतले दुकान.

पहिले बिल

पहिल्या सुपरमार्केटमध्ये २४ जिनसांचे २,३१० रुपये झाले, दुसऱ्यात २,३९५ आणि गल्लीत २,४४०. म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत फरक १३० रुपयांचा. आम्ही खूश झालो. पण ते सुपरमार्केट घरापासून लांब, सामान जड, त्यामुळे जायला-यायला रिक्षा. रिक्षाचे १२० रुपये वजा केले तर फायदा उरला १० रुपयांचा.

खरी गोष्ट पुढेच होती. पहिल्या सुपरमार्केटचे त्या दिवसाचे पूर्ण बिल २,३१० चे नव्हतेच, ते ३,१८० चे होते. यादीबाहेरच्या वस्तू ८७० रुपयांच्या: एकावर एक फुकट मिळालेली बिस्किटे, मुलांनी उचललेले नूडल्स, प्लास्टिकचे दोन डबे, "पुढे लागेलच" म्हणून घेतलेला फरशी पुसायचा द्रव. जुनी बिले काढून पाहिली, तर प्रत्येक रविवारी कमी-जास्त हेच झालेले. अम्मीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका कागदावर होते. दुकान स्वस्त होते, पण आमची खरेदी महाग होती.

ती स्वस्ताई येते कुठून?

सुपरमार्केटची स्वस्ताई खोटी नाही. मुंबईत पवईला २००२ मध्ये पहिले दुकान उघडणाऱ्या डी मार्टचे उदाहरण घ्या. दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची ठेवायची म्हणजे भाडे वाचते, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवायचे म्हणजे माल कमी भावात मिळतो, आणि जे पटापट खपते तेच जास्त ठेवायचे. त्या बचतीचा काही भाग गिऱ्हाइकाला मिळतो. नुसत्या सवलतींच्या जोरावर दुकान कायम चालते असेही नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि २००६ पासून २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'साठी देशभर गर्दी खेचणाऱ्या बिग बाजारची दुकाने कर्जाच्या ओझ्याखाली २०२२ मध्ये रिलायन्सकडे गेली.

आमच्या यादीत हा फायदा साबण, पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटे या ब्रँडच्या मालावर स्पष्ट दिसला. तिथे सुपरमार्केट गल्लीपेक्षा प्रत्येक वेळी स्वस्त. धान्य, डाळी आणि मसाले यांत मात्र चित्र उलटे होते. याचे एक कारण कराचे आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. पोत्यातून सुटे मोजून दिलेल्या मालावर तो नाही. सुपरमार्केटमधला बहुतेक माल पुड्यात बांधलेला, त्यामुळे हा कर आपणच भरतो.

पुड्यावरचे आकडे वाचायला शिका

पूर्वी चहा, तेल, बिस्किटे, पीठ अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पॅकबंद मालाच्या नियमांत बदल करून ही सक्ती काढली. त्यामुळे आता ८५० ग्रॅमचा पुडाही एक किलोच्या पुड्याशेजारी तसाच गुबगुबीत दिसतो.

समजा, किलोचा पुडा १०० रुपयांना आणि ८५० ग्रॅमचा ९० ला आहे. हात ९० कडे जातो. पण ९० ला ०.८५ ने भागले तर किलोचा भाव पडतो जवळजवळ १०६. दहा रुपये वाचले असे वाटते आणि खरे तर किलोमागे सहा रुपये जास्त जातात.

तेलात हा घोळ अधिक होतो, कारण कुठे लिटर लिहिलेले असते, कुठे ग्रॅम. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे ८०० ग्रॅमची पिशवी सुमारे ८८० मिलिलिटरची. ती १३० रुपयांना मिळाली, तर लिटरचा भाव १४८ च्या आसपास जातो. पूर्ण लिटरची पिशवी शेजारी १४५ ला असेल, तर तीच स्वस्त.

सरकारने वजनाची सक्ती काढली तेव्हाच दुसरी सक्ती घातली, ती आपल्या कामाची आहे. पुड्यावर कमाल किमतीबरोबर एककाचा दर छापावा लागतो. किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर तो ग्रॅममागे असतो, जास्त वजनाच्या पुड्यावर किलोमागे. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणले की दोन्ही एका पातळीवर येतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा, हा दर छापील किमतीवरून काढलेला असतो. दुकानाने सूट दिली असेल तर भागाकार आपल्यालाच करावा लागतो.

सुटीच्या टक्क्यांचेही तसेच. छापील किंमत २४० आणि सूट ४० टक्के, म्हणजे १४४. छापील १६० आणि सूट १५ टक्के, म्हणजे १३६. माल सारखाच असेल तर मोठ्या अक्षरांतली ४० टक्के सूट आठ रुपयांनी महाग पडते. आमची भाभी दुकानात मोबाइलवर गणित करते. सुरुवातीला आम्हाला लाज वाटायची, आता नाही वाटत.

भाव झाला, मालाचे काय?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या राशीत हात घालतात आणि बोटांना ओल लागते. पावसाने भिजल्याचे विक्रेता सांगतो. तेव्हा भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे ते त्याला विचारतात आणि फसवणुकीविषयी कडक इशारा देतात. विकणाऱ्यासाठी ही ताकीद आहेच. घेणाऱ्या माणसालाही त्यातून एक सवय लागावी, वरवर पाहू नये, आतपर्यंत हात घालावा.

बंद पुड्यात हात घालता येत नाही. आमची सर्वांत स्वस्त तूरडाळ पुड्यातली होती, पण तिला शिजायला कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या जास्त लागायच्या. गल्लीतली डाळ किलोमागे चार रुपये महाग होती, पण लवकर शिजायची आणि वरण दाट व्हायचे. गॅसही किमतीतच धरायला हवा.

तांदळाचे तसेच. पुलाव-बिर्याणीला जुना तांदूळ हवा, नवा चिकट होतो. रोजच्या भाताला आम्ही घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी घेतो, त्याचा चिकटपणाच आवडतो. कोणता माल जुना, कोणता नवा, हे दुकानदार सांगतो आणि मूठभर हातावरही देतो. पुड्यावर ही माहिती शोधावी लागते.

तारखेकडेही पाहा. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जाची मुदत असते. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटल्यावर मात्र ती वस्तू खाऊ नये. जवळच्या तारखेचा माल दुकाने साधारणपणे रांगेत पुढे ठेवतात, म्हणून आम्ही मागचा पुडा काढतो. भरघोस सूट दिसली की आधी तारीख, मग किंमत.

भाजी आणि फळांसाठी नाशिककरांना सुपरमार्केटच्या थंड कपाटाची गरज फारशी नाही. कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकवणारा हा जिल्हा. गोदाकाठचा बुधवारचा बाजार आहे, शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. संध्याकाळी उशिरा गेलो तर भावही उतरतो. मटण-चिकन आम्ही आमच्या नेहमीच्या खाटकाकडूनच घेतो. समोर कापलेले ताजे गोश्त आणि हलालची खात्री यांची तुलना गोठवलेल्या पाकिटाशी आम्ही केलीच नाही.

पॅकबंद खाऊच्या बाबतीत मुलांना एक शिकवले. हिरवा ठिपका असेल तर दूध, मध अशा मोजक्या गोष्टी सोडून त्यात प्राणिजन्य घटक नसतो. तपकिरी त्रिकोण असेल तर घटकांची यादी वाचायची. तो त्रिकोण अंड्यासाठीही असतो आणि जिलेटिनसाठीही, प्राणी कोणता ते तो सांगत नाही. ११ वर्षांची आमची भाची आता चॉकलेट उलटे करूनच हातात घेते.

बिल घरी नेऊन वाचू नका

तिसऱ्या आठवड्यात एका सुपरमार्केटमध्ये तुपाच्या बरणीखाली एक भाव लावलेला होता आणि बिलात दुसराच लागला, १८ रुपये जास्त. आम्ही काउंटरवरच दाखवले. तरुण कर्मचाऱ्याने जाऊन खात्री केली आणि पैसे परत दिले. घरी पोहोचल्यावर दिसले असते तर १८ रुपयांसाठी कोण परत गेले असते? म्हणून बिल दुकानाच्या दारातच तपासायचे.

छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, त्यात सगळे कर आलेले असतात. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. तरी सोपा उपाय आपल्या हातात आहे, घरची कापडी थैली. दाद मागायची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जे बिलात दिसत नाही

चौथ्या रविवारी आम्ही हिशेब मांडून बसलो. अब्बा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "२०२० चंही बिल काढा."

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले तेव्हा गॅरेजला कुलूप लागले होते. गल्लीतल्या दुकानदार चाचांनी जवळजवळ तीन महिने उधारीवर सामान दिले. वही उघडायचे, लिहायचे, एवढेच. पैसे आम्ही वर्षभर हप्त्याने फेडले आणि त्यांनी वरचा एक रुपया घेतला नाही. सुपरमार्केटच्या काउंटरवर वही नसते. आणि तिथे जायला लागल्यापासून आम्ही त्याच चाचांच्या दुकानासमोरून भरलेल्या पिशव्या घेऊन मान खाली घालून जात होतो.

भावनेपोटी महाग घ्यावे असे अब्बांचे म्हणणे नव्हते. हिशेबात ही बाजूही धरा, एवढेच ते म्हणत होते. आणि आमचे आकडे तेच सांगत होते. धान्य, डाळी, मसाले, सुटे जिन्नस यांत चाचांचे दुकान दर्जात सरस होते आणि भावातही फार मागे नव्हते.

आता आम्ही यादीचे तीन भाग केले आहेत. साबण, पावडर, चहा, तेल असे टिकाऊ सामान महिन्यातून एकदा सुपरमार्केटमधून, त्यामुळे रिक्षाही चारऐवजी एकच होते. धान्य-डाळी-मसाले दर आठवड्याला चाचांकडून. भाजी बुधवारी. सुपरमार्केटला एकटीने, जेवून आणि यादी घेऊन जायचे. यादीबाहेरची एकच वस्तू घ्यायची मुभा आहे, तीही १०० रुपयांच्या आत. मुले घरी.

या पद्धतीने पहिल्या महिन्यात आमचे २,००० रुपयांहून थोडे जास्त वाचले. त्यातला मोठा वाटा स्वस्त भावाचा नव्हता, न घेतलेल्या वस्तूंचा होता. अन्न आणि पैसा वाया घालवणे आपल्या दीनमध्ये नापसंत आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण आमचा इसराफ ट्रॉलीतून घरात येत होता हे चार आठवडे लिहून ठेवल्यावर कळले.

तुमच्या मोहल्ल्यात दुकाने वेगळी असतील, भाव वेगळे असतील. आमची यादी उतरवून घेऊ नका, तुमची करा. चार रविवार, एक वही, एक पेन्सिल पुरे.

रमजानच्या आदल्या आठवड्यात अम्मीने डबा उघडला. त्या दोन घरांचे राशन चाचांच्याच दुकानातून भरले. चाचांनी तांदूळ मोजला, काटा खाली झुकल्यावर वर आणखी एक ओंजळ टाकली आणि म्हणाले, "ही माझ्याकडून."