वणव्याला लागते तहान!

दोस्ता, आधी स्वयंपाकघरातून एक पापड आण बरं! ताजा नको, काल डब्याबाहेर राहिलेला हवा. आता मोड. कटकन् आवाज आला? नाही ना! आपल्या सुरतेतल्या पर्वत पाटियात पावसाळ्यात भाजलेला पापड बाहेर राहिला, की बघता बघता सादळतो. मग तो मोडत नाही, नुसता वाकतो!

पण त्यावर पाणी कुणी ओतलं? कुणीच नाही. पापडानं ते हवेतून गुपचूप पिऊन घेतलं!

हा पापड लक्षात ठेव. आपण जंगलात निघालोय आणि तिथे तो लागणार आहे.

उधन्याहून नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीत बसू या. सुरतेतल्या कितीतरी मराठी घरांची ही गावची वाट! बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडलं, की नवापूर. या स्टेशनाची गंमत माहितीये? ते अर्धं गुजरातमध्ये आणि अर्धं महाराष्ट्रात आहे! तिथे एक बाक असा आहे, की त्यावर दोघं मित्र शेजारी बसले तरी दोन वेगळ्या राज्यांत!

मार्च महिना आहे. खिडकीतून टेकडीवर लालभडक काहीतरी दिसतंय. आग? छे, पळस फुललाय! त्याच्या शेजारी सागाची झाडं मात्र उघडीबोडकी होत चालली आहेत. पानांतून पाणी सतत हवेत उडून जातं, म्हणून उन्हाळ्यात साग पानंच गाळून टाकतो. खाली ताटाएवढ्या वाळक्या पानांचा थर! पाय ठेवला की कुर्रम!

ओळखलंस? हाच आपला पापड! तोही ताजा, कडकडीत.

कुणी मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतं, कुणाची विडी नीट विझलेली नसते. एक ठिणगी निसटते आणि वणवा लागतो. पण गंमत बघ. भर दुपारी हा वणवा धावत सुटतो, आणि पहाटे तोच रांगायला लागतो. का बरं? रात्री गार हवेत ती पानं सादळतात! दुपारी ऊन लागलं की पुन्हा कुरकुरीत. जंगलात रोज हा पापडाचा खेळ चालतो!

पण एवढ्याशा ओलीला आग का घाबरते?

चहाचं आधण आठव. समज, गॅसवर पाणी उकळायला 5 मिनिटं लागली. आता तेच सगळं पाणी आटवायचंय. सांग पाहू, अजून किती वेळ लागेल? 5 मिनिटं? 10? चूक! तेवढ्याच आचेवर अर्ध्या तासाहून जास्त! पाणी तापायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता त्याची वाफ व्हायला लागते. पाणी म्हणजे उष्णतेचा केवढा मोठा खादाड!

नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. आगीला ते लाकूड खायचंय, पण आधी तिला हे सगळं पाणी संपवावं लागतं. त्यातच ती दमते. म्हणून ओलं सरपण नुसतं धुमसतं, आणि आजीचे डोळे चुरचुरतात.

खरं वाटत नाही? मग आईबाबांना जवळ बसवून कागदाच्या कपात पाणी भरा आणि फक्त त्याच्या तळाला मेणबत्तीची ज्योत दाखवा. काजळी धरेल, पण पाणी आहे तोवर कागद पेटणार नाही! कागद पेटायला 200 अंशांहून जास्त तापमान लागतं, आणि आतलं पाणी 100 अंशांच्या वर जायला तयारच नसतं.

आता घट्ट बस, कारण खरं नवल पुढेच आहे. आग स्वतःच पाणी तयार करते!

हो, हो, आग! गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं, की पहिलं मिनिटभर तळाशी बाहेरून ओल येते ना? एखादा थेंब पडून ‘चुर्र’ही होतो. पातेलं गळत नाही. ते ज्योतीत जन्मलेलं पाणी आहे! 1 किलो सुकं लाकूड पूर्ण जळलं, तर सुमारे अर्धा किलो पाणी वाफ होऊन उडून जातं. म्हणजे दोन पेले भरून!

पण लाकूड तर सुकं होतं. मग हे पाणी आलं कुठून?

पावसाळ्यातून! सागानं मुळांनी पाणी प्यायलं. पानांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, उन्हाची चूल केली आणि त्यातून साखर शिजवली. त्या साखरेचंच पुढे लाकूड झालं. पाण्यातला हायड्रोजन लाकडात जाऊन बसला. आग लागली, की तो हवेतल्या ऑक्सिजनचा हात धरतो आणि पुन्हा पाणी होतो! पानानं शिवलेलं सगळं आग उसवून टाकते.

आणि जंगलात उरते राख. तीही पाण्याचीच वाट बघत असते. चमचाभर लाकडाची गार राख पाण्यात ढवळ. ती निवळली, की वरच्या पाण्याचे दोन थेंब हळद लावलेल्या कागदावर चमच्याने टाक. पिवळा कागद लालसर! हळदीच्या डागाला साबण लागला की होतो, तस्साच! राखेतलं पोटॅश पाण्यात उतरलं, आणि पोटॅश म्हणजे झाडांचा खाऊ. वणव्यानंतर पहिला पाऊस पडला, की थोडा खाऊ मातीत मुरतो, पण उतारावर बराचसा मातीसकट ओढ्यात वाहूनही जातो.

पावसाळा सरता सरता त्याच गाडीनं पुन्हा जा. नवापूरच्या आसपास मार्चमध्ये काळी पडलेली एखादी टेकडी शोध. तिच्यावर कंबरभर गवत डुलत असेल, हिरवंगार आणि पाण्यानं टच्च भरलेलं. पाऊस जितका छान, तितकं गवत दाट. आणि मार्चपर्यंत त्या सगळ्याचा पापड!