रॅम संपली, पण खाल्ली कुणी?

लिनक्सवर पोस्टग्रेस चालवणाऱ्यांना लॉगमधली एक ओळ चांगलीच ओळखीची असते: सर्व्हर प्रोसेस सिग्नल ९ ने बंद झाली. ती दिसली की बहुतेकांचा हात रॅम वाढवण्याकडे जातो. मशीन क्लाउडवर असेल तर काम दोन क्लिकचं. बिल मात्र दर महिन्याचं. त्याआधी एक आकडा कमी करून पाहावा, असं माझं मत आहे.

सिग्नल ९ चा अर्थ प्रोसेस आपणहून पडली नाही, तिला मारलंय. कुणी हाताने ‘किल’ मारला नसेल, तर संशय जातो कर्नलमधल्या ‘ओओएम किलर’वर. लिनक्स मेमरी कबूल करताना फारशी घासाघीस करत नाही. सगळे जण मागितलेलं सगळं एकाच वेळी वापरणार नाहीत, हा त्याचा हिशेब. तो फसला की सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्यावर गदा येते, आणि डेटाबेसच्या मशीनवर तो बहुधा डेटाबेसच असतो. कर्नलच्या लॉगमध्ये तशी नोंद सापडते. वैताग पुढचा आहे. एका अहवालाची प्रोसेस अशी मेली, की सामायिक मेमरीत काही बिघडलं असेल या भीतीने पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शनं तोडतो आणि पुन्हा उभा राहतो.

आता तो आकडा. सॉर्टसारख्या कामाला किती मेमरी वापरता येईल हे ठरवणाऱ्या ‘वर्क मेम’ नावाच्या सेटिंगची मूळ किंमत ४ एमबी असते. अहवाल रेंगाळतो म्हणून कुणीतरी ती २५६ करतं. अहवाल पळायला लागतो, सगळे खूश. पण ही मर्यादा सर्व्हरची नाही, कनेक्शनचीही नाही; क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला ती वेगळी मिळते, आणि हॅशला तर आवृत्ती १५ पासून दुप्पट. म्हणजे दोन सॉर्ट आणि एक हॅश असलेली क्वेरी १ जीबीपर्यंत जाऊ शकते. पोस्टग्रेसने तीच क्वेरी दोन मदतनीस प्रोसेस घेऊन समांतर चालवली तर ३ जीबी. महिनाअखेरीला चौघांनी एकदम बटण दाबलं की १२. पोस्टग्रेसच्या सामायिक कॅशचे, म्हणजे शेअर्ड बफर्सचे, ४ धरले, तर १६ जीबीचं मशीन तिथेच भरलं. एरवी महिनाभर सगळं सुरळीत असतं, म्हणून या सेटिंगवर कुणाचा संशयही जात नाही.

शोधताना ‘टॉप’चे आकडे जपून वाचावेत. शेअर्ड बफर्सची तीच मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर दिसते. रकाना बेरजेला घेतला तर मशीनमध्ये नसलेली रॅमही वापरात असल्याचं निघतं. ‘फ्री’ कमांडमध्येही मोकळ्या मेमरीचा छोटा आकडा पाहून घाबरू नये. फाइलींच्या कॅशमध्ये गुंतलेली जागा लागेल तशी सुटते. पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’चा.

उपाय साधा आहे. वर्क मेम सगळ्यांसाठी खाली आणायचं आणि अहवालांच्या युजरपुरतं वाढवायचं. त्यासाठी रिस्टार्टही लागत नाही. खाली आणल्यावर काही सॉर्ट डिस्कवर जातील, थोडे हळू होतील. होऊ द्यावेत. कनेक्शनं शेकड्यांनी असतील तर मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन पूलर बसवावा.

कर्नललाच शिस्त लावायची सोयही आहे: ओव्हरकमिटचं सेटिंग २ वर. मग मेमरी पुरत नसेल तर क्वेरीला तिथल्या तिथे नकार मिळतो, ती एकटी पडते, बाकीचे सुखरूप. मला हे पटतं, पण यात एक खाच आहे. या सेटिंगमध्ये कर्नल एकूण कबुली देतो ती स्वॅप अधिक रॅमच्या ५० टक्के एवढीच. स्वॅप नसलेल्या १६ जीबीच्या मशीनवर ही मर्यादा ८ जीबीच्या आसपास येते, आणि निम्मी रॅम रिकामी असताना ‘आउट ऑफ मेमरी’ झळकायला लागतं. त्यामुळे २ करतानाच हे प्रमाणही वाढवावं लागतं. डेटाबेस कंटेनरमध्ये असेल तर मात्र मशीनचे आकडे बाजूला ठेवून आधी कंटेनरला दिलेली मर्यादा पाहावी. ती ओलांडली की बाहेर कितीही रॅम शिल्लक असली तरी आतली प्रोसेस मारली जाते.