पन्नाशीचा अर्जदार

सकाळी साडेसातला डबा घेऊन ते घराबाहेर पडत आणि संध्याकाळी साडेसहाला परतत. तीन आठवडे हा क्रम चुकला नाही. फरक इतकाच, की पीथमपूरला जाणाऱ्या कारखान्याच्या गाडीऐवजी ते शहरातल्या एका वाचनालयात जाऊन बसत, दुपारी बागेत डबा खात आणि वेळ भरली की घरी येत. बावन्न वर्षांचे गृहस्थ, तेवीस वर्षे भांडार विभागात काढलेली. एका शुक्रवारी त्यांना कळवण्यात आले, की विभागाची पुनर्रचना झाली आहे. घरी सांगण्याचा धीर होईना. पत्नीला मात्र चौथ्याच दिवशी कळले होते. गणवेशाच्या बाह्यांना गंजाचे डाग दिसेनात. ती बोलली एकविसाव्या दिवशी. "आता डब्यात काय देऊ ते सांगा," एवढेच म्हणाली.

हे गृहस्थ आमच्या परिचयाचे असून, त्यांच्याच संमतीने येथे लिहीत आहे. इंदूरच्या मराठी वस्त्यांत अशी घरे थोडीथोडकी नाहीत. बडोद्याच्या मकरपुऱ्यात, हैदराबादच्या बालानगरात, बेळगावच्या उद्यमबागेत राहणाऱ्या वाचकांना गावाचे नाव बदलून हाच मजकूर वाचता येईल.

त्या तीन आठवड्यांनी त्यांचे जे नुकसान केले, ते पगार थांबल्याने झालेल्या नुकसानापेक्षा अधिक होते. माणूस कामावरून सुटल्यावर पहिले काही दिवस त्याचे नाव लोकांच्या ओठांवर असते. पुरवठादार दूरध्वनी करतात, "साहेब, आता तिथे कोणाशी बोलायचे?" अशी विचारणा होते. त्याच वेळी "मी मोकळा आहे, कुठे काही असेल तर कळवा," असे म्हणता येते. तीन महिन्यांनी तेच वाक्य जड होते. आपल्या समाजात भिडस्तपणा हा गुण समजला जातो, आणि लग्नकार्यात तो शोभतोही. पण नोकरीच्या शोधात त्याच्याइतका मोठा शत्रू नाही. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण दहा घरी निःसंकोच शब्द टाकतो, मग स्वतःसाठी का टाकू नये?

शब्द कोणाकडे टाकावा, हा खरा प्रश्न. बहुतेक जण वरच्यांकडे जातात: जुने साहेब, नात्यातले एखादे बडे अधिकारी. माझे निरीक्षण असे, की पन्नाशीच्या माणसाला काम मिळते ते बहुधा बाजूच्यांकडून आणि खालच्यांकडून. ज्यांना आपण कामाची बिले वेळेवर मंजूर करून दिली ते पुरवठादार, मालवाहतूकदार, दरवर्षी हिशेब तपासायला येणारे लेखापाल आणि आपल्या हाताखाली शिकून आता दुसरीकडे विभागप्रमुख झालेली मुले. आपण काम कसे करतो हे या लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. एक वही घ्यावी आणि आठवतील तेवढी अशी नावे लिहून काढावीत. चाळीस-पन्नास सहज निघतात. भेटायला गेल्यावर मात्र "नोकरी द्या" म्हणू नये, कारण त्याला "नाही" म्हणावे लागले की समोरचा ओशाळतो आणि पुन्हा दार उघडत नाही. "तुमच्या क्षेत्रात सध्या काय चालले आहे, कोणाला माणसांची चणचण आहे, ते समजून घ्यायला आलो," असे म्हणावे. पंधरा मिनिटे बसावे, चहा घ्यावा, आणि निघताना आणखी एक-दोन नावे विचारून घ्यावीत.

येथे इंदूरचाच एक जुना दाखला द्यावासा वाटतो. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली आणि ५,८९५ कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. त्यांच्या थकीत देण्यांचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा निर्णायक हप्ता मार्गी लागला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनंतर. तोवर कित्येक कामगार जग सोडून गेले होते. हक्काच्या पैशासाठी लढलेच पाहिजे, यात शंका नाही. पण "देणी मिळू देत, मग पुढचे पाहू" असे म्हणून थांबलेल्यांचे वय मात्र थांबले नाही. दावा आणि शोध एकाच वेळी चालवावे लागतात.

हक्काची गोष्ट निघालीच आहे तर दोन बाबी सांगून टाकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. छाटणी झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद पूर्वीच्या कायद्याप्रमाणे तीतही आहे. त्याशिवाय मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावयाचे असून, ती रक्कम छाटणीपासून पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची असते. व्यवस्थापकीय पदांवरील मंडळींना यातले काही लागू होत नाही. त्यांनी आपले नेमणूकपत्र नीट वाचावे. दुसरी बाब भविष्यनिर्वाह निधीची. हाताला काम नाही म्हणून खाते पार रिकामे करण्याची घाई करू नये. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत एकूण दहा वर्षांची पात्र सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हक्क येतो, आणि ही दहा वर्षे एकाच मालकाकडची असावी लागत नाहीत. पन्नाशीनंतर ते आधीही घेता येते, परंतु अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितके चार-चार टक्के कापले जातात. ज्यांची नऊ वर्षे भरली आहेत त्यांनी तर कमी पगाराची का होईना, वर्षभराची नोकरी पदरात पाडून घ्यावी.

आता अर्जाविषयी. पुष्कळांच्या घरी अजून तोच जुना बायोडाटा आहे: सर्वांत वर जन्मतारीख, मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आणि अनुभव तळाशी. तो उलटा करावा. आपण शेवटची पंधरा वर्षे काय केले, ते आरंभी आणि शक्यतो आकड्यांत सांगावे. "भांडार विभागाचे काम पाहिले" याने काहीच कळत नाही. "चार हजार प्रकारच्या वस्तूंचा साठा सांभाळला, वर्षअखेरीच्या मोजणीत तफावत जवळजवळ नाहीशी केली" याने माणूस दिसतो. वय लपवू मात्र नये. दहावीची गुणपत्रिका पुढे मागितली जातेच, आणि निधीच्या खात्यातील नोंदीवरून कोणी कुठे किती काळ होते हे ताडून पाहिले जाते. अमेरिकेत १९६७ च्या एका कायद्याने चाळिशीवरील माणसाला केवळ वयावरून नाकारण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही, त्यामुळे "वय ३५ पर्यंत" अशा जाहिराती राजरोस छापल्या जातात. तरी अर्ज करावा, असे मी म्हणेन. पुष्कळदा तो आकडा जुन्या जाहिरातीतून उतरवलेला असतो.

मुलाखत घेणारा आपल्या मुलाच्या वयाचा असणार, हे घरूनच मनाशी ठरवून निघावे. त्याला "बेटा" म्हणू नये. इंदुरात मुलाखत बहुधा हिंदीत होते, तेव्हा "आप" म्हणावे आणि त्याच्या पदाचा मान ठेवावा. "हमारे ज़माने में" हे शब्द तोंडून निघाले की मुलाखत संपली असे समजावे. त्याच्या मनातला प्रश्न एकच असतो: हे काका माझे ऐकतील का? तो उघड विचारीत नाही. म्हणून आपणच सांगावे, की यापूर्वी वयाने लहान वरिष्ठाखाली काम केले आहे आणि त्याच्याकडून अमुक शिकलो. घडले असेल तरच सांगावे, हे वेगळे सांगायला नको.

पगाराचा आकडा आधीच घरी बसून, पत्नीसह, कागदावर मांडावा. किती कमी चालेल आणि त्याखाली चालणार नाही, हे दोघांना ठाऊक असले की टेबलावर घासाघीस करताना आवाज कापत नाही.

आता संसारासाठी थांबलेल्या भगिनींविषयी. आमच्या एका वहिनींनी सासूबाईंच्या पक्षाघाताच्या दुखण्यात शाळेची नोकरी सोडली. अकरा वर्षांनी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, परतावेसे वाटले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी पात्रता परीक्षा केव्हाच बाद झाली." ती बाद झाली नव्हती. शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षे असे. २०२१ मध्ये ती आजन्म करण्यात आली आणि हा निर्णय २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू झाला. कपाटाच्या वरच्या फळीवरचा तो कागद चांगला होता, आणि कोणी सांगितले नाही म्हणून त्या दोन वर्षे स्वस्थ बसल्या. जुनी प्रमाणपत्रे एकदा खाली काढून प्रत्येकाची आजची किंमत विचारून घ्यावी, ती अशासाठी. ज्यांनी तरुणपणी हिंदी टंकलेखन शिकले त्यांच्या बोटांत रेमिंग्टनचा कळफलक अजून असतो. मध्य प्रदेशातील संगणक प्रावीण्याच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकनासाठी रेमिंग्टन गेल हा कळफलक निवडता येतो. तेव्हा नव्याने शिकायचा तो संगणक; बोटे बरीचशी तयार असतात.

खंडाविषयी विचारले तर एका वाक्यात उत्तर द्यावे: घरातील आजारपणासाठी थांबले होते, आता ती जबाबदारी नाही. त्यापुढे क्षमायाचना नको. विधवा आणि पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटित स्त्रियांना केंद्र सरकारच्या क गटातील पदांसाठी वयोमर्यादा पस्तिशीपर्यंत शिथिल आहे, हेही लक्षात असावे; अनुसूचित जाती-जमातींतील भगिनींना ती चाळिशीपर्यंत आहे. आयुर्विमा महामंडळाच्या डिसेंबर २०२४ मधील विमा सखी योजनेत तर दहावी उत्तीर्ण स्त्रीला सत्तराव्या वर्षापर्यंत प्रवेश आहे. तीन वर्षे विद्यावेतन मिळते, पहिल्या वर्षी दरमहा सात हजार. मात्र काम विमा विकण्याचे आहे आणि ते प्रत्येकीला मानवेल असे नाही.

या बाबतीत पार्वतीबाई आठवले यांचे स्मरण होते. अकाली वैधव्य आलेल्या, उशिरा शिक्षणाला लागून अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत कामाला लागलेल्या या बाई १९१८ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी पोट भरले. वयाची सबब त्यांनी काढली असती, तर त्या काळात कोणी दोष दिला नसता.

एक सावधगिरी. काम देण्याआधी अनामत, नोंदणी शुल्क वा गणवेशाचे पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. घरबसल्या टंकनाचे काम देऊन, चुका काढून, वर वकिलाच्या नोटिशीची भीती घालणारे सापडतात, आणि त्यांच्या जाळ्यात वयस्क मंडळी व गृहिणीच अधिक अडकतात. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

आमच्या त्या गृहस्थांच्या वहीत सत्तेचाळीस नावे निघाली. एकतिसाव्या नावाने, एका मालवाहतूकदाराने, सांवेर रोडवरच्या पंप बनविणाऱ्या छोट्या कारखान्याचा पत्ता दिला. मालक चौतीस वर्षांचा आणि साठ्याचा हिशेब कोणालाच लागत नव्हता. पगार पूर्वीच्या दोन-तृतीयांश आहे. संगणकावरची नवी हिशेबप्रणाली त्यांना अजून नीट येत नाही. रविवारी दुपारी कन्या शिकवते आणि ते तिच्यावर चिडतात. मालक त्यांना "काकाजी" म्हणतो, ते त्याला "सर" म्हणतात. डबा साडेसातलाच लागतो.