प्रेमातील भेट, उसनवारी आणि कायदा

भोपाळच्या चौक बाजारात जरीकाम केलेले, मणी ओवलेले बटवे मिळतात. प्रेयसीला दिलेला असा बटवा नाते तुटल्यावर परत मागता येतो काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार स्वेच्छेने, मोबदल्याविना दिलेली आणि समोरच्याने स्वीकारलेली वस्तू म्हणजे भेट. केवळ देणाऱ्याचे मन फिरले म्हणून ती रद्द होत नाही. बटवा तिचाच. उलटपक्षी, ‘वाढदिवसाला दुचाकी घेऊन देईन’ या तोंडी शब्दाची वसुली न्यायालयातून होत नाही.

खरी गफलत उसनवारीत होते. खोलीचे भाडे भरताना ‘राहू दे’ म्हणायचे आणि भांडणात त्याचाच हिशेब काढायचा! पैसे परत हवे असतील, तर त्याच दिवशी, निदान मोबाइलवरील संदेशात, तसे लिहून घ्यावे.

प्राप्तिकरासाठी पती-पत्नी परस्परांचे ‘नातेवाईक’ ठरतात, प्रियकर-प्रेयसी नव्हेत. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात भेट मिळालेली रक्कम 50,000 रुपयांवर गेली, तर ती संपूर्ण करपात्र होते. दागिन्यांच्या मूल्यालाही हीच मर्यादा. भेट मिळालेला मोबाइल मात्र त्या यादीत नाही.

गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसल्यास नागरी संहितेनुसार पती-पत्नींचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा असतो. निव्वळ प्रेमसंबंधाला ती लागू नाही. तिथे वाटणी बोलूनच ठरवावी लागते, आणि आमच्या मते ती मिळकतीच्या प्रमाणात असावी. एकाला 60,000 आणि दुसऱ्याला 20,000 रुपये पगार असेल, तर 1,200 रुपयांच्या जेवणात 900 आणि 300.