कुपीमागचे प्राणी

गोदावरीला पूर आला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली सायखेडा आणि पलीकडची चांदोरी ही नावं वर्तमानपत्रांत झळकतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या महाराष्ट्राने ती वाचली. पाणी ओसरल्यानंतर जे सुरू होतं, त्याची बातमी मात्र क्वचित होते. बिळांत पाणी शिरल्याने बाहेर पडलेले साप गोठ्यात, कांद्याच्या चाळीत, उसाच्या फडात आसरा शोधतात. त्याच फडात माणूस रात्री बॅटरी घेऊन उतरतो, कारण मोटारीची वीज अनेकदा रात्रीच येते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे.

त्यांना वाचवणारं नेमकं औषध एकच आहे, सर्पविषावरचं इंजेक्शन. विष भिनल्याची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात. त्या कुपीतलं औषध घोड्याच्या रक्तातून येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा प्रश्न शहरी, सुशिक्षित लोकांचा आहे असं आपल्याकडे समजलं जातं. मला तो आधी गोदाकाठचा वाटतो, कारण प्राण्यांच्या शरीरावर ज्यांचा जीव सर्वांत थेट अवलंबून आहे ती ही माणसं आहेत.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अत्यल्प मात्रेत, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. घोड्याच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होतात. मग ठरावीक काळाने त्याचं रक्त काढतात, त्यातला द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी पुन्हा घोड्याला देता येतात. द्रव शुद्ध करून, बहुधा गोठवून वाळवून कुपीत भरतात. १८९५ च्या सुमारास आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्यकाने नागाच्या विषावर असं औषध केलं, आणि सव्वाशे वर्षांनंतरही मूळ रीत तीच आहे. प्रत्येक खेप बाजारात जाण्याआधी तिची ताकद उंदरांवर तपासली जाते. विष आणि औषध एकत्र टोचून किती उंदीर जगतात हे मोजतात. घोडा निदान जगतो. या तपासणीतले उंदीर मरण्यासाठीच असतात.

विष येतं कुठून? बरंचसं तमिळनाडूतून. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. साप पकडायचा, काही आठवडे ठेवून मोजक्या वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि पुन्हा रानात सोडायचा. एका पारंपरिक कौशल्याला मिळालेलं हे सन्मानाचं काम आहे. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. तमिळनाडूतल्या विषावर घडवलेलं औषध दुसऱ्या प्रांतातल्या दंशावर तोकडं पडू शकतं.

नीतीचा प्रश्न मला इथे सर्वांत टोकदार दिसतो. घोड्याला वेदना दिली, उंदीर मारले आणि हाती आलेलं औषध निफाड तालुक्यातल्या माणसाला पुरेसं लागू पडलं नाही, तर ती वेदना वाया गेली. वाईट विज्ञान हीच प्राण्यांवरची पहिली क्रूरता आहे. पिंजरा किती मोठा आणि सुई किती बारीक, हे प्रश्न महत्त्वाचेच. पण प्रयोग नीट रचला होता का, त्याचं उत्तर कुणाच्या कामी आलं का, हे त्याआधी विचारायला हवं.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास प्लेगपासून सुरू करता येतो. १८९६ मध्ये मुंबईत साथ फुटली. व्लादिमीर हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली, आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्या दोन तारखांमधलं अंतर मनात ठेवलं की लसीची घाई समजते. सशांनंतर आणि स्वतःनंतर हाफकिन यांनी लस दिली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वेच्छेने पुढे आले, असं नोंदलं आहे. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ही प्रयोगशाळा गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं.

कैद्यांची गोष्ट प्राण्यांच्या विषयाला सोडून नाही. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसावरचा प्रयोग प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेला असावा, असं तिने सांगितलं. दुबळ्या माणसाला वाचवण्यासाठी प्राण्याला पुढे केलं गेलं. त्यामुळे ‘प्राण्यांवरचे सगळे प्रयोग आजच बंद करा’ असं म्हणणाऱ्याने, मग पहिली सुई कुणाच्या दंडात जाईल, याचं उत्तर द्यायला हवं. ती श्रीमंताच्या दंडात जाणार नाही, एवढं इतिहास सांगतो.

अगदी अलीकडची गोष्ट २०२० ची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला कोव्हॅक्सिन या करोनावरच्या लसीच्या तपासणीसाठी लाल तोंडाची माकडं हवी होती. टाळेबंदीत शहरं ओस पडली, खाणं मिळेना म्हणून माकडं रानात पांगली होती. वनखात्याच्या मदतीने शोध घेऊन शेवटी नागपूरच्या बाजूला ती मिळाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे आणि लसीच्या यशात या माकडांचाही वाटा मोकळेपणाने मान्य केला आहे. २० माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना लसीचे वेगवेगळे प्रकार दिले, एका गटाला लस नाही. दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवसांनी सगळ्यांच्या शरीरात मुद्दाम विषाणू सोडला. लस न मिळालेल्यांना न्यूमोनिया झाला. लस मिळालेली त्यातून वाचली.

यात एक अवघड गोष्ट आहे. माणसांवरची पहिली चाचणी जुलै २०२० मध्येच सुरू झाली होती आणि माकडांचे निष्कर्ष जाहीर झाले सप्टेंबरमध्ये. मग माकडं हवी कशाला होती? मला पटणारं उत्तर असं, की लस टोचून नंतर मुद्दाम रोग देणं, आणि तेही काहींना लसीविना, माणसाच्या बाबतीत त्या वेळी अक्षम्य ठरलं असतं. फुप्फुसात काय होतं हे तसंच कळणार होतं. हे उत्तर पटतं म्हणून त्या पाच माकडांचं ओझं हलकं होत नाही. त्यांना श्वास घेताना काय झालं असेल, हे करोनात दवाखान्याबाहेर ताटकळलेल्या कुटुंबांना वेगळं सांगायला नको.

याच माकडांचा भारत एके काळी मोठा निर्यातदार होता. पोलिओच्या लसीसाठी ती विमानं भरभरून परदेशी गेली. अमेरिकेत त्यांच्यावर किरणोत्साराचे लष्करी प्रयोग होत असल्याचं उघड झालं आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने निर्यात बंद केली. लस आणि शस्त्र यांत भेद करणारा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

कायदा आपल्याकडे जुना आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. तो प्रयोगांना बंदी घालत नाही. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी समिती नेमतो. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नीतिमत्ता समिती बंधनकारक केली आणि तीत बाहेरचे सदस्यही आणले. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या होत्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारताने चौथी जोडली, प्रयोगानंतर प्राण्याचं पुनर्वसन. ही भर आपली आहे आणि तिचा अभिमान वाटतो. काही प्रश्न सुटलेही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातली विच्छेदनं टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली, तेव्हा ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक हळूहळू मागे पडला. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करायला बंदी आली. लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यात काही घालायला कधीच काही कारण नव्हतं.

उणीव हिशोबाची आहे. ब्रिटनचं गृहखातं दरवर्षी आकडे छापतं: किती प्राणी, कोणत्या जातीचे, कशासाठी, किती वेदना. २०२३ मध्ये तिथे सुमारे २७ लाख प्रयोग नोंदले गेले. आकडा धक्कादायक आहे, पण तो समोर आहे. आपल्याकडे सायखेड्यातल्या कांदा-बाजाराचे भाव रोज कुणालाही पाहता येतात. देशातल्या प्रयोगशाळांत वर्षभरात किती उंदीर, ससे, घोडे लागले, हे सामान्य वाचकाला तसं सहज पाहता येत नाही. सार्वजनिक पैशावर आणि सार्वजनिक गरजेपोटी चालणाऱ्या कामाची ही झाकपाक कुणाच्याच हिताची नाही, शास्त्रज्ञांच्याही नाही.

काही प्रयोग प्राण्यांसाठीच असतात. गिधाडं झपाट्याने मरत होती, तेव्हा कारण सापडलं ते गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातल्या अभ्यासात, जखमी झाल्याने रानात सोडता न येणाऱ्या काही गिधाडांना मुद्दाम ते औषध दिलं गेलं आणि ती दगावली. मग मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे का, हेही गिधाडांवरच तपासावं लागलं. त्या पुराव्यावर भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला आदिवासींनी गिधाडांसाठी खाणं ठेवायला सुरुवात केली. तिथे उतरणाऱ्या पक्ष्यांवर त्या मेलेल्या मूठभर गिधाडांचं ऋण आहे. इथे मला कसलीही शंका वाटत नाही. प्रश्न नेमका होता, संख्या लहान होती, आणि उत्तराने कायदा बदलला.

पर्याय येत आहेत. माणसाच्या पेशींवर, चकतीवर वाढवलेल्या इवल्या अवयवांवर, संगणकावर तपासण्या होतात, आणि २०२३ मध्ये भारताने नव्या औषधांच्या नियमांत त्यांना जागा दिली. सर्पदंशातही हालचाल आहे. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतले संशोधक यांनी २०२४ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेलं एक मानवी प्रतिद्रव्य जाहीर केलं. नाग-मण्यारच्या विषातल्या एका घातक विषगटाला ते निकामी करतं. घोडा त्यात नाही. तपासणीसाठी उंदीर मात्र लागलेच. घोणस आणि फुरशाच्या विषाचं काम वेगळं, त्याला हे प्रतिद्रव्य चालत नाही. उसाच्या फडात घोणसही सापडते. म्हणून आणखी बरीच वर्षं घोडे लागणार आहेत. त्यांचं रक्त किती अंतराने काढतात, टोचलेल्या जागी जखमा होतात का, थकलेला घोडा पुढे कुठे जातो, हे त्या कुपीच्या कारखान्याने जाहीर करावं; आणि गोदाकाठच्या घोणशीचं विष त्या कुपीत मोजलं गेलं आहे का, हेही.