ऑलिंपिकच्या हिशेबात न बसलेला बेकेले

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या तामिरात तोलाने जिंकली आणि त्याच संघातला ४२ वर्षांचा केनेनिसा बेकेले ३९वा आला. बेकेलेकडे ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके आहेत आणि त्याची ओळख बहुधा तेवढ्यावरच आटोपते. त्याची खरी थोरवी क्रॉस कंट्रीतली, म्हणजे ट्रॅकबाहेर मोकळ्या रानात धावण्यातली आहे. हा प्रकार ऑलिंपिकमधून बाद होऊन शंभर वर्षे झाली.

बेकेले १९८२ साली इथिओपियाच्या अर्सी भागात, बेकोजी गावाजवळ जन्मला. बेकोजी समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत वाढलेल्या शरीराचा फायदा धावण्यात होतोच, पण तेवढ्या उंचीवरची इतर असंख्य गावे विश्वविजेते देत नाहीत. बेकोजीत सेंतायेहू एशेतू होते. गावातल्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या या माणसाने मुलांना पहाटे टेकड्यांवर आणि निलगिरीच्या झाडांतून पळवले, त्यांतले कोण टिकते ते पाहिले आणि निवडक मुले पुढे पाठवली. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी देरार्तू तुलू त्यांच्याच हाताखालची. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटरच्या पुरुष व महिला मिळून चार शर्यती होत्या. त्या चारही बेकोजीच्या दोघांनी जिंकल्या. पुरुषांच्या दोन्ही बेकेलेने आणि महिलांच्या दोन्ही तिरुनेश दिबाबाने. शाळेतल्या पीटीच्या तासाला दुय्यम मानणाऱ्या प्रत्येक शिक्षण खात्याने या गावाचा अभ्यास करावा.

क्रॉस कंट्रीत घड्याळाला फारसा अर्थ नसतो. गवत, चिखल, चढउतार आणि वारा प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने विश्वविक्रमाची नोंदच होत नाही. कोण आधी पोहोचला एवढेच पाहायचे. १५०० मीटरवाल्यांपासून मॅरेथॉनवाल्यांपर्यंत सगळे एकाच रेषेवर उभे राहतात. म्हणूनच जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकणे ऑलिंपिकपेक्षाही अवघड, असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत भयंकर उकाड्यात झाली. ३८ जण धावले, १५ जणांनीच ती पूर्ण केली. फिनलंडचा पावो नुर्मी सहज जिंकला, पण इतरांचे हाल पाहून हा प्रकार कार्यक्रमातून काढला गेला.

१९९८ ते २००६ या काळात जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या दोन शर्यती होत. छोटी सुमारे ४ किलोमीटरची, म्हणजे जेमतेम अकरा-बारा मिनिटांची, पहिल्या पावलापासून सुसाट. मोठी सुमारे १२ किलोमीटरची, दमसास पाहणारी. दोन्हींना लागणारी तयारी निराळी, त्यामुळे बहुतेक धावपटू एकच निवडत. २००१मध्ये ऑस्टेंडला बेकेलेने ज्युनियर गटाची शर्यत तब्बल ३३ सेकंदांच्या फरकाने जिंकली आणि त्याच स्पर्धेत मोठ्यांच्या छोट्या शर्यतीत रौप्य मिळवले. पुढच्या वर्षी डब्लिनला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने मोठ्यांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. एकाच स्पर्धेत दोन्ही जिंकणारा तो पहिला पुरुष. त्यानंतर २००३, २००४, २००५ आणि २००६ या चारही वर्षी त्याने हेच पुन्हा केले.

यांतले २००५चे यश सर्वांत कठीण होते. त्या जानेवारीत अदिस अबाबाजवळ सराव करताना त्याची वाग्दत्त वधू आलेम तेचाले त्याच्यासोबत धावतानाच कोसळली आणि गेली. ती स्वतः १५०० मीटरमधली जागतिक युवा विजेती होती. त्याच महिन्याच्या अखेरीस बोस्टनच्या इनडोअर शर्यतीत बेकेलेचा फेऱ्यांचा हिशेब चुकला, त्याने अखेरची मुसंडी एक फेरी आधीच मारली आणि तो हरला. मार्चमध्ये फ्रान्समधल्या सेंट-गाल्मिएला त्याने दोन्ही सुवर्णपदके जिंकली.

२००१च्या अखेरीपासून क्रॉस कंट्रीत सलग २७ शर्यती अजिंक्य राहिल्यावर २००७मध्ये मोम्बासाच्या दमट उकाड्यात त्याला शर्यत पूर्ण न करताच सोडावी लागली. २००८मध्ये एडिंबराला सुरुवातीलाच त्याचा बूट निघाला. थांबून, बूट चढवून तो मागून पुढे आला आणि जिंकला. मोठ्या शर्यतीतले हे सहावे विजेतेपद. केनियाचे जॉन एन्गुगी आणि पॉल टेरगॅट प्रत्येकी पाचावर थांबले होते. दोन्ही अंतरे धरून बेकेलेची वैयक्तिक सुवर्णपदके ११ झाली.

ट्रॅकवरची कारकीर्द अधिक परिचित आहे. ५००० मीटरचा १२ मिनिटे ३७.३५ सेकंदांचा (हेंगेलो, २००४) आणि १०,००० मीटरचा २६ मिनिटे १७.५३ सेकंदांचा (ब्रसेल्स, २००५) हे त्याचे विश्वविक्रम २०२०पर्यंत टिकले. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने दोन्ही मोडले. २०१०मधल्या पोटरीच्या दुखापतीनंतर बेकेले पूर्वीचा राहिला नाही. मॅरेथॉनमध्येही त्याची चाल बेभरवशाची होती. एखादी शर्यत अर्ध्यातून सुटायची, तर २०१९च्या बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ४१ सेकंद, म्हणजे विश्वविक्रमापासून फक्त दोन सेकंद दूर. एप्रिल २०२४मध्ये लंडनला २ तास ४ मिनिटे १५ सेकंदांत तो दुसरा आला. या कामगिरीनेच बारा वर्षांनंतर त्याला ऑलिंपिक संघात आणले.

पॅरिससाठी मिश्र रिले स्वरूपातली क्रॉस कंट्री घ्यावी, असा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा प्रस्ताव होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२०मध्ये तो फेटाळला. हा निर्णय चुकीचा होता आणि तो बदलायला हवा. छोटी शर्यत २००६नंतर जागतिक स्पर्धेतूनही बंद झाली आहे. त्यामुळे बेकेलेच्या पाच दुहेरी विजेतेपदांची बरोबरी करण्याची संधी आता कोणालाच उरलेली नाही.