शेगडी आणि झरोका

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे खाली पूर्णा नदीच्या काळ्या मातीच्या खोऱ्यात आहेत. तर बुलढाणा, चिखली ही गावे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारावर आहेत. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे पौष महिन्यातील रात्री तेथे चांगल्याच गार असतात. अशा रात्री अंगणात शेकोटी पेटते. लहानथोर तिच्याभोवती बसतात, गप्पा रंगतात आणि निखारे विझत आले की सर्वजण घरात जातात. या शेकोटीपासून सहसा कोणाला अपाय होत नाही.

परंतु तेच निखारे शेगडीत भरून निजायच्या खोलीत नेले आणि वारा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, तर मात्र मोठा अनर्थ ओढवतो. निखारे तेच, शेकणारी माणसेही तीच. मग अंगणातील विस्तव मित्र आणि खोलीतील विस्तव वैरी, असे का व्हावे?

याचे उत्तर एका साध्या प्रयोगात सापडते. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला, तर ज्योत क्षणभर तेवते, मंदावते आणि विझते. हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू आणि २१ भाग प्राणवायू असतो. जळण्यासाठी प्राणवायू लागतो. पेल्यातील प्राणवायू कमी होताच ज्योतीचा जोर सरतो. तो पुरता संपण्याच्या पुष्कळ आधीच ती विझते. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात असे दाखवून दिले, की जळणे म्हणजे पदार्थाचा प्राणवायूशी होणारा संयोग होय. आणि प्राण्यांचे श्वसन हीदेखील एक प्रकारची मंद ज्वलनक्रियाच आहे. म्हणजे बंद खोलीत माणूस आणि विस्तव हे दोघे एकाच ताटात जेवत असतात.

अन्न अपुरे पडले की विस्तव केवळ मंदावतो असे नाही. तो विषही निर्माण करू लागतो. कोळशातील कर्बाला भरपूर प्राणवायू मिळाला, तर कर्बद्विप्राणिल वायू तयार होतो. श्वासावाटे आपण बाहेर टाकतो तो हाच वायू. प्राणवायू अपुरा मिळाला, तर मात्र ज्वलन अर्धवट राहते आणि कर्बएकप्राणिल नावाचा वायू उत्पन्न होतो. यालाच कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, की ठसका लागत नाही. चोर दार वाजवून येत नाही, तसाच हा वायूही आल्याची चाहूल देत नाही.

आपल्या रक्तातील तांबडे द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू उचलते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवते. जणू ते ओझे वाहणारे हमालच होत. कर्बएकप्राणिल वायू या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हमालांच्या पाठीवर नको ते ओझे बसले, की हवे ते ओझे वाहायला कोणी उरत नाही. त्यामुळे हवेत हा वायू अगदी थोडा असला, तरी मेंदू आणि हृदय प्राणवायूवाचून तळमळू लागतात. प्रथम डोके दुखते, घेरी येते, मळमळते. मग हातपाय गळून जातात. धोका ध्यानात आला, तरी उठून दार उघडण्याचे बळ राहत नाही. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

एमिल झोला हा विख्यात फ्रेंच लेखक १९०२ च्या सप्टेंबर महिन्यात पॅरिसमधील आपल्या घरी असाच मरण पावला. शयनगृहात विस्तव पेटवलेला होता, खिडक्या लावलेल्या होत्या आणि धुराडे तुंबलेले होते. त्याची पत्नी बेशुद्ध स्थितीत सापडली. सुदैवाने ती वाचली. विद्वत्ता आणि कीर्ती यांना या वायूपुढे काही मोल नसते.

वऱ्हाडातील शेतकऱ्यांना कोंडलेल्या हवेचे भय पूर्वीपासून ठाऊक होते. ज्वारी साठवण्यासाठी ते जमिनीत पेव खणत. साठवलेले धान्यही मंदपणे श्वसन करते. त्यामुळे बंद पेवातील प्राणवायू घटतो आणि कर्बद्विप्राणिल वायू साचतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी दडून राहतो. म्हणून जाणते लोक पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. ते बराच वेळ तोंड मोकळे ठेवत आणि दोरीला दिवा बांधून आत सोडून पाहत. दिवा विझला, तर उतरायचे नाही, असा दंडक होता.

ही रीत शहाणपणाची होती. पण तिची मर्यादाही जाणली पाहिजे. दिवा विझतो तो प्राणवायू कमी झाल्यामुळे. कर्बएकप्राणिल वायूची वार्ता तो देऊ शकत नाही. ज्या हवेत हा वायू माणसाचा प्राण घेऊ शकतो, त्या हवेत दिवा खुशाल तेवत राहतो. गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत तर दिवा नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय. कारण तेथील वायू पेट घेणारा असतो. एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्यावर चालेलच, असे नाही.

असाच दुसरा एक समज शेगडीविषयी आढळतो. कोळसे नुकते पेटलेले असताना धूर होतो, म्हणून शेगडी बाहेर ठेवतात. धूर सरून निखारे लाल झाले की ती घरात आणतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, असे त्यांना वाटते. वस्तुतः लाल निखाऱ्यांच्या थरातून हा विषारी वायू अखंड निघत असतो. निखाऱ्यांवर कधीकधी ज्या निळसर ज्वाळा नाचताना दिसतात, त्या या वायूच्याच होत. ज्वाळा नाहीशा झाल्या, की तो न जळता खोलीत पसरतो.

आज पुष्कळ घरांत स्नानाचे पाणी तापवण्यासाठी गॅसचा गिझर बसवलेला असतो. त्यात कोळसा नसतो, राख नसते. पण विस्तव तो विस्तवच. एक किलोग्रॅम गॅस नीट जळण्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशा न्हाणीघरात अवघी साडेसात घनमीटर हवा मावते. अर्ध्या किलोहून थोडा अधिक गॅस जाळण्यापुरतीच ती हवा आहे. आणि ती संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत बिघडून विष तयार होऊ लागते. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून घेणारा मनुष्य नकळत स्वतःवर पेला उपडा घालत असतो.

यावरचे उपाय कठीण नाहीत. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी नळीने आत आणावे, हे सर्वांत उत्तम. जळलेले वायू बाहेर नेणारी नळी त्याला जोडलेली असावी व ती तुंबलेली नसावी. गॅस जेथे जळतो, त्या खोलीला कायम उघडे राहणारे दोन झरोके असावेत. एक जमिनीलगत आणि दुसरा छतालगत. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व वरच्या झरोक्याने निघून जाते. तिची जागा घेण्यास खालच्या झरोक्याने ताजी हवा येते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो गळलाच, तर त्यालाही खालची वाट मिळते. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडली किंवा काजळी धरू लागली, तर गिझर बंद करून जाणत्या कारागिराला दाखवावा. शेगडी पेटती ठेवून तर कधीही झोपू नये.

एकाच घरातील दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर हवेचाच संशय घ्यावा. न्हाणीघरातून हाकेला उत्तर आले नाही, तर क्षणाचाही विलंब न करता मोठ्या माणसांना बोलवावे. दारे-खिडक्या उघडून, गॅस बंद करून त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, अंगावरचे कपडे सैल करावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पेवात किंवा विहिरीत कोणी बेशुद्ध पडला, तर मात्र त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये. सोडवायला गेलेला दुसरा मनुष्यही तेथेच पडतो आणि एका दुःखाची दोन दुःखे होतात.

थंडीत ऊब हवीशी वाटते, हे खरे. पण झरोक्यातून येणारी गार झुळूक आणि शेगडीची ऊब यांचे वैर नाही. जेथे विस्तव आहे, तेथे वाऱ्याला वाट ठेवलीच पाहिजे. त्या झुळकेने अंगावर शहारे आले, तर एक घोंगडी अधिक पांघरावी. झरोका मात्र बुजवू नये.